लुसीअक्काचा फ्रेंच आजोबा

धुळ्याच्या कचेरीत मी शिपाई होतो. जुनं दप्तर लाल रुमालातून सोडायचं, पुन्हा बांधायचं. शिक्षण चौथी. पण गाठ सोडेपर्यंत समोरची माणसं जे बोलतात, ते ऐकायला शिक्षण लागत नाही. ऐकून ऐकून एवढं साठलंय, की एकाचं सांगायला जावं तर दुसऱ्याचं आठवतं. आज फक्त लुसीअक्कांचं सांगतो.

*

सत्त्याऐंशी साल असेल. अमळनेरहून एसटीने एक रिटायर्ड नर्स आल्या. रेकॉर्डकीपर नानांनी मान वर न करता विचारलं, "कोणता सर्व्हे नंबर?"

"नंबर नको. आजोबा पाहिजेत."

"इथं उतारे मिळतात बाई, आजोबा नाही!"

आजोबा म्हणे फ्रान्सचे. अमळनेरजवळच्या एका गावात कापसाच्या जिनात यंत्रं बसवायला आले, आणि मुलगा जन्मायच्या आधीच तापाने गेले. "लोक आम्हाला बिनबापाचं घर म्हणत. माझे वडील ते ऐकतच गेले," अक्का म्हणाल्या.

नाना माझ्या कानात म्हणाले, "जिनाची जागा पाहिजे हिला!"

*

तो संशय त्या गावातही पोचला. जिनाची जागा आता सुपडूआबांकडे होती. सत्तरीचे आबा रोज पहिल्या बसने येऊन समोरच्या बाकावर पहारा देऊ लागले. "हाई बाई जमिनकरता ऊनी शे," एवढंच बोलत.

एकदा अक्कांनी त्यांना चहा दिला. आबांनी कप माझ्याकडे सरकवला. "आधी तू पी!"

*

अक्कांच्या वडिलांच्या जन्माची नोंद सापडली! कोतवालाचं बुक, सगळं मोडीत. मोडी वाचणारे एक म्हातारे कारकून अक्कांनी आणले. बापाच्या रकान्यात त्यांनी "बेर्नार" वाचलं. पुढे मुलखाचं नाव होतं, ते कसरीने खाल्लेलं.

नानांना वाटलं, बाईनेच पढवून आणलं. त्यांनी दुसरे वाचणारे बोलावले. ते म्हणाले "बर्नाबा". दोघे तासभर भांडले.

नाना खूश. "एका पोराला दोन बाप!"

मी अक्कांना पाणी नेऊन दिलं. मला तेवढंच येत होतं.

*

अक्कांजवळ आजोबांचं एक जुनं पाकीट होतं. त्यावर फ्रान्समधल्या गावाचा शिक्का. फ्रेंच येणाऱ्या चर्चमधल्या एका सिस्टरकडून त्यांनी तिथल्या कचेरीला पत्र लिहून घेतलं. "उत्तर इथं मागवा. तुमच्या घरी आलेलं मी धरणार नाही," नाना म्हणाले.

परदेशी पाकीट आलं, मागोमाग चौकशीला पोलीस. त्याने पत्र उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं, वास घेतला. जाताना जप्त काय केलं? तिकीट! मुलाला जमवायचा नाद होता.

पत्रात होतं, बेर्नार नावाचा मिस्त्री इथून हिंदुस्थानात गेला, परतला नाही.

*

मग नक्कल करायला घेतली. नकलेत प्रत्येक रकाना उतरवावा लागतो. बापावरून भांडता भांडता शेवटचा रकाना कोणी वाचलाच नव्हता, जन्माची वर्दी कोणी दिली तो.

म्हाताऱ्या कारकुनांनी वाचलं, "वर्दी देणार कौतिक बिन गोविंदा. नातं, पोराच्या आईचा बाप."

बाकावरचे आबा उभे राहिले. "हाई तर मना आजानं नाव शे!"

आबांना एक आत्या होती, याच आज्याची मुलगी. ती लहानपणीच देवी येऊन गेली, असं घरात सांगत.

त्यांनी कारकुनांना पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच अक्कांकडे सरळ पाहिलं.

"तुनी आजी कशी दिखे?"

अक्का म्हणाल्या, "घरात आरसा नाही का, आबा?"