परतीची उंची

ही गोष्ट सांगायची मी चार वर्षं टाळली. टाळायला फारसं काही करावं लागत नाही, असा माझा अनुभव आहे. विषय निघाला की चहाचं विचारायचं, नाहीतर गुडघ्यांची तक्रार काढायची... गेल्या महिन्यात मधुकर गेला. सकाळी साडेसहाला त्याच्या मुलीचा, सुनेत्राचा, फोन आला. "काका, बाबा गेले. झोपेतच." मी फोन हातात धरून पलंगावर बसून राहिलो, आणि खरं सांगायचं तर दुःखाच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की आता ज्याला सांगायचं तोच उरला नाही. त्यात थोडी सुटका होती. ती सुटका पंधरा दिवससुद्धा टिकली नाही, ते बरंच झालं.

मधू आणि मी पंचवटीतल्या एकाच शाळेत, एकाच बाकावर वाढलो. तो पुढे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात लागला. तिथली दाब, तापमान आणि प्रवाह मोजणारी यंत्रं दुरुस्त करणं आणि ती खरं बोलताहेत ना ते तपासणं हे त्याचं चौतीस वर्षांचं काम. मी भूगोल शिकवला आणि मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. तो मला मास्तर म्हणायचा, तेही मी मास्तर व्हायच्या आधीपासून, कारण मी वर्गात इतरांच्या चुका काढायचो. निवृत्तीनंतरच्या सहा-सात वर्षांत त्याने घरातले सगळे पंखे, मिक्सर आणि शेजाऱ्यांच्या इस्त्र्या दुरुस्त करून संपवल्या. मग पासष्टाव्या वाढदिवसाला सुनेत्राने त्याला एक खेळण्यातला ड्रोन आणून दिला. तो पहिल्याच उड्डाणात समोरच्या बिल्डिंगमध्ये, वाळत घातलेल्या साडीत जाऊन अडकला. मधू तो मागायला गेला, साडीवाल्या बाईंची बोलणी खाल्ली, घरी आला आणि त्याच संध्याकाळी त्याने तो पूर्ण उघडला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "मास्तर, यात चार मोटारी आहेत. दोन एका बाजूला फिरतात, दोन उलट्या. म्हणून ते स्वतःभोवती गरगरत नाही. इतकी साधी गोष्ट, आणि मला पासष्ट वर्षं माहीत नव्हती!"

पुढच्या दोन वर्षांत त्याने स्वतःचा ड्रोन बांधला. सांगाडा, मोटारी, नियंत्रणाचं छोटं सर्किट असं एकेक सामान कुरिअरने यायचं आणि जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग चालायचं. पहिल्यांदा दोन पंख्यांची अदलाबदल झाली, तर तो जागच्या जागी उताणा पडला. मधू खूश. "बघ, चूक लपवत नाही. लगेच दाखवतो." मग चांगला कॅमेरा, मग जास्त टिकणारी बॅटरी, मग जीपीएस. दर वेळी स्वयंपाकघरातला वजनकाटा बाहेर यायचा, कारण अडीचशे ग्रॅमच्या वर गेला की सरकारदरबारी नोंदणी आली. एकदा चार ग्रॅम जास्त भरले, तर त्याने लांब स्क्रू काढून आखूड लावले आणि सुनेत्राने हौसेने चिकटवलेला गणपतीचा स्टिकरही खरवडला. "बाप्पा समजून घेईल, खातं समजून घेणार नाही," हे त्याचं म्हणणं. लष्कराच्या हद्दीमुळे शहराच्या कोणत्या अंगाला उडवायचंच नाही, ते त्याने नकाशावर लाल पेन्सिलीने रंगवून ठेवलं होतं.

मला शिकवायचं त्याने ठरवलं तेव्हा मी अडुसष्ट वर्षांचा होतो. ड्रोनचं तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं आणि नवा माणूस तिथेच गडबडतो. यावर त्याने उपाय काढला. मला हात पसरून त्याच्या हॉलमध्ये उभं केलं. "तू ड्रोन. मी रिमोट. माझ्याकडे तोंड करून चाल. आता डावीकडे. मास्तर, तुझी डावी! जन्मभर पूर्व-पश्चिम शिकवलीस ना?" सुनेत्रा दारात उभी राहून तोंडात पदर धरून हसत होती. पण आठ दिवसांत मला जमलं. जमिनीवर खडूने चौकोन आखून त्याच्या वर दोन मिनिटं ड्रोन स्थिर धरायचा, हा त्याचा पहिला धडा. ज्याला थांबता येत नाही त्याने पुढे जायचं नाही, असा त्याचा दंडक होता.

आम्ही दर रविवारी सकाळी मखमलाबादच्या पुढे रंगनाथभाऊंच्या मळ्यात जायचो. रंगनाथभाऊ आणि मंदावहिनी झेंडू आणि भाजीपाला करतात. त्यांची दोन्ही मुलं माझ्या शाळेतली, म्हणून तिथे मला 'सर' म्हणून मान, आणि त्या मानापोटीच ती जागा आम्हाला मिळाली होती. उडवायच्या आधी एक विधी असायचा. मधूने एका कार्डावर दहा ओळी लिहिल्या होत्या: बॅटरी, स्क्रू, वारा, उपग्रह, परतीची उंची वगैरे. एकाने कार्ड वाचायचं, दुसऱ्याने प्रत्यक्ष बघून उत्तर द्यायचं. वाचणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही. ही वीज केंद्रातली पद्धत. वीजनिर्मितीचा संच चालू करताना ते असंच करत. "एकटा माणूस जे वाचतो तेच त्याला दिसतं," मधू सांगायचा. "म्हणून दोन माणसं लागतात." मी वाचायचो, तो बघायचा. पंखे सगळ्यात शेवटी बसवायचे.

त्यातली परतीची उंची काय, ते सांगायला हवं. संपर्क तुटला की ड्रोन आपोआप ठरलेल्या उंचीवर चढतो आणि निघाला त्या जागी सरळ रेषेत परत येतो. मळ्यात मध्येच सुरूच्या झाडांची उंच रांग होती, म्हणून मधूने ती उंची चाळीस मीटर ठेवली होती. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात त्याने मला ड्रोन सरावाला घरी दिला. शुक्रवारी मी तो आडगावकडे भाच्याच्या मोकळ्या रानात नेला. परतीचं बटण दाबलं की तो सरसर वर चढायचा, आणि वर घारी फिरत होत्या. एक घार थेट त्याच्यावर झेपावली. मी पडद्यावर सेटिंग उघडलं आणि चाळीसचे बारा केले. तिथे झाडं नव्हती, बारा पुरेसे होते. घरी जाण्याआधी परत चाळीस करायचे हे मनात होतं. ते मनातच राहिलं.

रविवारी मळा फुलांनी पिवळाधमक झाला होता. रंगनाथभाऊंना त्याचा व्हिडिओ हवा होता. मंदावहिनी आणि दोघी बायका झाडांच्या पलीकडच्या वाफ्यात फुलं तोडत होत्या. रिमोट आणि पडदा माझ्याच हातात होता, मधू खाली उकिडवा बसून ड्रोनचे स्क्रू बघत होता. ऊन चढायच्या आत चित्रण व्हावं अशी मला घाई होती. मी वाचत गेलो, तो खालून उत्तरं देत गेला, आणि "परतीची उंची" वाचल्यावर मी त्याच दमात, पडद्याकडे न बघता, "चाळीस" म्हणालो. दर रविवारी तेच उत्तर ऐकलं होतं, ते तोंडात बसलं होतं. मधू मान वर न करता म्हणाला, "चाळीस. पुढे."

मग माझ्याकडून रिमोट घेऊन त्याने ड्रोन उडवला, झाडांपलीकडे नेला, फुलं जवळून दिसावीत म्हणून खाली उतरवला... आणि पडद्यावरचं चित्र गोठलं. मधूने शांतपणे अंगठे काढून घेतले. "काही नाही. झाडं आडवी आली. आता वर चढेल आणि येईल," असं रंगनाथभाऊंना सांगून तो झाडांच्या शेंड्यांवर नजर लावून उभा राहिला. तेव्हा मला बारा आठवले. मी काही बोललो नाही. बोललो असतो तरी ड्रोन थांबला नसता. पण त्यानंतर बोलायला माझ्याकडे चार वर्षं होती. फांद्यांत टकटक असा आवाज झाला आणि पलीकडून बायका ओरडल्या.

मंदावहिनींच्या भुवईवर पंख्याने कापलं होतं. चेहरा रक्ताने भरला होता, आणि तशात त्या म्हणत होत्या, "लय काय नाय झालं. मला वाटलं गांधीलमाशी." रंगनाथभाऊ मात्र मधूच्या अंगावर धावले. "दोन बोटं खाली लागलं असतं तर डोळा गेला असता तिचा! म्हातारपणी खेळणी कशाला पायजे तुम्हाला?" दवाखान्यात तीन टाके पडले. बाहेरच्या बाकावर मी खाली मान घालून बसलो होतो. मंदावहिनी पट्टी बांधून आल्या आणि मलाच म्हणाल्या, "सर, तुम्ही नका तोंड पाडू. तुम्ही कुठं उडवीत होता?"

मधूने तोवर पडदा उघडून बघितला होता. "मास्तर, हे बारा आहे," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "तू घरी नेला होतास. काही हलवलंस का?" रंगनाथभाऊ समोर उभे होते, मंदावहिनींच्या तोंडून नुकताच 'सर' शब्द आला होता. मी म्हणालो, "नाही."

जन्मभर प्रत्येक काटा दोनदा तपासणाऱ्या माणसाने माझं उत्तर एकदाच ऐकलं आणि खरं मानलं. तो पडद्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे मीच. बुधवारी बॅटरी बघताना हात लागला असणार. आणि सकाळी बारा असताना मी चाळीस म्हणालो... मी म्हणालो ते मला आठवतंय." मग तो हळूच म्हणाला, "अण्णाचंही असंच सुरू झालं होतं." अण्णा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. त्याने शेवटची सहा वर्षं स्वतःचं घर ओळखलं नव्हतं, आणि त्याला आंघोळ घालायला मधूच जायचा.

त्या दिवसानंतर मधूने ड्रोन उडवला नाही. सगळं सामान एका तंत्रनिकेतनाला देऊन टाकलं. डॉक्टरांनी त्याला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला लावले आणि सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. तो मला म्हणाला, "पेपर सोपा होता." त्याने स्कूटर विकली. गॅसच्या बटणावर, दाराच्या कडीवर चिठ्ठ्या लावल्या. शेजारी मिक्सर घेऊन आले तर "आता माझा भरवसा नाही हो" म्हणून परत पाठवू लागला. नाव आठवायला क्षणभर लागला, जसा आम्हा सगळ्यांनाच लागतो, की त्याचा चेहरा उतरायचा. आणि दर दिवाळीला तो रिक्षाने मंदावहिनींकडे फराळ घेऊन जायचा. चूक माझी, डबा त्याचा. मी दोनदा त्याच्याबरोबर गेलो आणि तिथे बसून चकली खाल्ली.

तेराव्याला माणसं पांगल्यावर सुनेत्रा माझ्याजवळ येऊन बसली. "काका, तुम्ही बाबांना रोज बघत होतात. त्यांचं त्या ड्रोनच्या दिवसापासूनच सुरू झालं ना? आधी अण्णाकाका, मग बाबा. परवा मी दूध गॅसवर ठेवून विसरले. माझ्यातही आलं असेल का?" ती पंचेचाळीस वर्षांची आहे. सुटका संपली ती तिथे. मी तिला सगळं सांगितलं, घारीपासून दवाखान्याच्या बाकापर्यंत. ती रडली नाही, ओरडलीही नाही. "बाबा चार वर्षं मला विचारायचे, सुनू, मी आज काय विसरलो? आणि मी शोधून सांगायचे, काका..." मग उठून आत गेली आणि दारातून म्हणाली, "जिथे सगळे वाचतील तिथे लिहा. आणि आधी मंदामावशींना सांगा."

मी गेलो. मंदावहिनी फुलं निवडत होत्या. ऐकून त्यांनी भुवईवरचा व्रण चाचपला आणि विचारलं, "मंग त्यांनी चार दिवाळ्या फराळ का आणला, सर?"

म्हणून हे लिहितोय. मधुकरच्या आठवणीला, त्याच्या हातांना, त्याच्या डोक्याला काहीही झालं नव्हतं. ज्यांनी त्याच्याकडून मिक्सर परत नेले त्यांनीही हे वाचावं.

तो जाण्याच्या दोन आठवडे आधी मी त्याच्याकडे गेलो होतो. तो शब्दकोडं सोडवत बसला होता, डोकं शाबूत राहावं म्हणून. तो म्हणाला, "एक बरं झालं, मास्तर. मला वेळेवर कळलं. अण्णाला कळलंच नव्हतं." मी कप खाली ठेवला. म्हणालो, "मधू, त्या रविवारी..." त्याने हात हलवला. "सोड रे. तू काय करणार होतास? तू नुसतं वाचत होतास." मी कप परत उचलला.

मी नुसतं वाचत नव्हतो, मधू. वाचलंही मीच आणि उत्तरही मीच दिलं. बारा मी केले होते. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. तू काहीही विसरला नव्हतास... मला माफ कर.