हॅलोविनचे वडे

शेजारच्या जयाबेनच्या घरचं भांडण आमच्या घरात शिरलं, ते प्लास्टिकच्या भोपळ्यातून.

झालं असं, की बडोद्यात हरणीतल्या आमच्या सोसायटीच्या कमिटीने मुलांसाठी हॅलोविन ठरवलं आणि ते नेमकं काळी चौदसच्या, म्हणजे नरक चतुर्दशीच्या आदल्या, संध्याकाळी आलं. आमची ईरा चेटकीण झाली. आईचा काळा परकर गळ्याशी बांधलेला, डोक्यावर चार्टपेपरची टोपी. (टोपी मी केली होती. समोरचं बाळ ती बघून रडलं, म्हणजे जमली असावी.) पोरं भोपळे घेऊन घरोघरी ओरडत हिंडली. दिवाळी तोंडावर असताना चॉकलेटं आणतंय कोण? बायकांनी शंकरपाळे, मठिया, जे कढईतून निघत होतं ते भोपळ्यात घातलं.

त्यामुळे ईराच्या भोपळ्यात वडे दिसले तेव्हा मला काहीच वाटलं नाही. मी दोन खाल्ले. तिसरा तोंडात असताना विचारलं, "कुणी दिले गं?"

"कुणी नाही. चौकात ठेवले होते."

मी तिसरा तोंडातून बाहेर काढला. आमच्या बडोद्यात काळी चौदसला गुजराती घरांतून वडे तळतात, चौकात ठेवतात आणि भोवती पाणी फिरवतात. घरातला ककळाट, म्हणजे वर्षभराची भांडणं, त्या वड्यांबरोबर बाहेर जातो. ते कुणी उचलून घरी आणावेत, अशी सोय नसते.

मी शाळेत फिजिक्स शिकवतो. अंधश्रद्धेवर वर्गात तावातावाने बोलतो. तरीही दोनदा चूळ भरली. दुसऱ्या दिवशी मेहुणा सहकुटुंब येणार होता, आणि सोसायटीची भांडणं माझ्या पोटात होती!

"मंजिरी," मी बायकोला सगळं सांगितलं, "रागावू नकोस हं."

"तू असं म्हणालास की मला आधीच राग येतो," ती म्हणाली. आम्ही दोघंही चपापलो. सुरुवात झाली होती.

ईराने वडे तिखट म्हणून खाल्ले नव्हते, एवढाच दिलासा. मी तसाच जयाबेनकडे धावलो. त्यांचा आणि त्यांच्या सासूबाईंचा वाद आम्हाला भिंतीतून रोज ऐकू येतो.

"जयाबेन, तुमचे वडे कसले होते?"

"मेथीना. केम?"

मी खाल्लेले मेथीचेच होते. मी सगळं कबूल केलं. जयाबेननी गालावर हात ठेवला. "अरेरे. बाकीना पाछा मूकी आवो."

"ते ठेवतो परत. पण खाल्लेले?"

त्यांनी आत डोकावून बघितलं. सासूबाई वाती वळत चक्क गुणगुणत होत्या. जयाबेननी आवाज खाली आणला. "भाई, ए तो हवे रहेवा दो ने." खाल्लेलं आता राहूच द्या म्हणे.

ती दिवाळी मी जीव मुठीत धरून काढली. पोटातलं भांडण कधी उसळेल याचा नेम नव्हता, म्हणून तोंडच उघडायचं नाही असं ठरवलं. मंजिरीने पडदे जांभळे आणले, मी छान म्हटलं. मेहुण्याने मुक्काम वाढवला, मी आग्रह केला. माळासुद्धा मीच झाडला.

तुळशीच्या लग्नादिवशी मंजिरी म्हणाली, "किती शांत गेली रे दिवाळी. जयाबेनना सांगते, दर महिन्याला वडे पाठवत जा."

मला दरदरून घाम फुटला. पण नको म्हटलं असतं, तर वाद झाला असता.

"मेथीचेच सांग," मी म्हणालो.