दाराची दोन मिनिटं

दिवाकर गेल्याची बातमी मला संस्थेच्या कँटीनमधल्या म्हाताऱ्या चहावाल्याने दिली. "आपके दिवाकर जी नहीं रहे, साहब." आपके! एकाच मजल्यावर काम करूनही आम्ही दहा वर्षं कामापुरतंच बोलत होतो, हे त्याला कुठलं ठाऊक असणार... दीड महिना झाला, तो शब्द काही घशाखाली उतरत नाही.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर दिवाकरने एक भुताचा सिनेमा काढला. सुपर-एटचा छोटा कॅमेरा, शहराबाहेर बख्शी का तालाब गावाकडचं एक रिकामं घर आणि नटी म्हणजे त्याची बायको सुधा. भूत नव्हतंच. बंद दारासमोर सुधा उभी, आणि दोन मिनिटं काही म्हणजे काही घडत नाही. दाराखालच्या फटीतला उजेड तेवढा विझत जातो. त्या उजेडासाठी त्याने चार रविवार घालवले. "लोक आवाजाने दचकतात रे, घाबरतात ते वाट बघताना," तो म्हणायचा.

गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळात तो दाखवायचं ठरलं. नेमके दिवाकरचे वडील आजारी पडले. मी मंडळाचा कार्यवाह, म्हणून फिल्म माझ्या हवाली करून तो नागपूरला गेला. "लोग बोर होतील, हाँ," अध्यक्ष म्हणाले, "जरा चटपटीत करा." मी कात्री घेतली. या फिल्मला निगेटिव्ह नसते, कॅमेऱ्यात असते तीच एकुलती एक प्रत, हे मला पक्कं माहीत होतं. तरी कापलेली पट्टी केराच्या टोपलीत टाकताना मी चक्क शीळ घालत होतो. खेळाच्या वेळी दार नीट दिसायच्या आत उघडलं, आत काहीच नव्हतं, आणि लोक खो खो हसले. स्टेशनवरून थेट आलेला दिवाकर शेवटच्या रांगेत मांडीवर बॅग घेऊन बसला होता.

"बाकीचं कुठंय?" त्याने नंतर विचारलं.

"फेकलं. यार, दोन मिनिटं नुसतं दार!"

"अच्छा," एवढंच म्हणाला. पुन्हा कॅमेरा हातात घेतला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्याचा राग येतो, अजून येतो; त्याने मला माफी मागायला जागाच ठेवली नाही. आणि मी निगरगट्ट, मीही ती शोधली नाही...

गेल्या रविवारी सुधावहिनींनी महानगर मोहल्ल्यातल्या घरी बोलावलं. पडदे ओढून त्यांनी प्रोजेक्टर लावला. "हे दर दिवाळीत एकदा बघायचे. एकटेच." दार आलं आणि लगेच समोर सगळं पांढरं झालं. फिल्म तुटली समजून मी उठलो.

"बसा भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "दोन मिनिटं आहेत अजून."

मी कापलं होतं तिथे त्याने तेवढ्याच लांबीची कोरी पट्टी जोडून ठेवली होती. प्रोजेक्टर घरघरत होता. मी खाली बसलो, वाट बघत राहिलो, आणि त्या सिनेमाची मला पहिल्यांदाच भीती वाटली.