झाड कोणाचं?

फडकं बांधलेला स्टीलचा डबा तुम्ही नाकाशी नेला, वास घेतला आणि ‘पेरू’ असं अगदी बरोबर उत्तर दिलंत, तरी सरांचं समाधान होत नसे. ते डोळे मिटून, मान जराशी तिरकी करून विचारायचे, “झाड कोनाचं?”

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस थट्टा करतो आहे. पेरू तो पेरू, त्याच्या मालकाशी आपल्याला काय करायचं? पण सर थट्टा करत नव्हते. “फळाचं नाव कोनीबी सांगते,” ते म्हणाले. “नाकाले झाड समजलं पाह्यजे.”

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या मालेगावात एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आमचा क्लास चालायचा. खेड्यापाड्यांतली पोरं हॉटेलातल्या नोकऱ्यांसाठी तयार करायची, हे आमचं काम. मी त्यांना इंग्रजी बोलायला शिकवायचो. बाकी सगळं सरांकडे: टेबल कसं लावायचं, ताट कुठल्या बाजूने ठेवायचं, पाहुणा चिडला तर काय बोलायचं, आणि वाइन. सर मूळचे आसेगावचे, घरची शेती. तरुणपणी घर सोडून मोठमोठ्या हॉटेलांत आणि पुढे जहाजांवर वाइन वाढत फिरले, आणि वडील गेल्यावर परत आले. आठवडाभर मालेगावच्या खोलीवर राहायचे, शनिवारी मोटारसायकलला टांग मारून आसेगावला भावाकडे.

वाइनच्या वर्गात वाइन नसायची. घरमालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, बाटली वर आली की तुम्ही खाली. म्हणून सरांनी डब्यांची युक्ती काढली. रोज सकाळी ते डब्यांतून काहीबाही भरून आणत. पेरूच्या फोडी, बोरं, संत्र्याची साल, चिंच, भिजवलेली माती, एकदा तर शाळेचं जुनं दप्तर कापून आणलं होतं. तोंडाला फडकं, त्यावर रबर. पोरांनी हुंगायचं आणि सांगायचं. कृषी केंद्रातल्या औषधांचा उग्र वास जिन्यातून वरपर्यंत यायचा. त्याबद्दल मी तक्रार केली तर म्हणाले, “चांगलं हाये की. एवढ्यातून ज्याले पेरू समजला, त्याले जगात कुठंबी समजन.”

प्रत्येक नव्या तुकडीतलं एक तरी पोरगं विचारायचंच, “सर, वाइन तं द्राक्षाची राह्यते. मंग तिच्यात पेरू कोन टाकते?”

या प्रश्नाची सर वाट पाहत असत. त्यांच्या आसेगावच्या शेतात विहिरीच्या अंगाला वडिलांच्या हातचं एक आंब्याचं झाड होतं. शेप्या. फळाला चक्क शेपूच्या भाजीचा वास. तुमच्याही गावात असं एखादं झाड असेल. आपल्याकडे आंब्याला नाव वासावरून नाहीतर चवीवरूनच पडतं, खोबऱ्या काय, साखऱ्या काय.

“आमच्या आंब्यात शेपू कोनं टाकला?” सर विचारायचे. “माह्या बापानं? कोनंच नाई टाकला. झाडाचाच हाये तो. तसाच द्राक्षातून पेरू निंगते, जांभूळ निंगते. तुमच्या आज्यानं आंब्याले शेप्या नाव ठेवलं, तवाच तुमाले वाइन शिकून झाली. आता नुसती उजळनी.”

वर्षातून एकदा, परीक्षेआधी, ते पोरांना घेऊन आसेगावला जात. तिथे दोन बाटल्या उघडल्या जायच्या, एक पांढरी, एक लाल. पेल्यात थोडीशी ओतायची, पेला फिरवायचा, हुंगायची, एक घोट तोंडात खेळवायचा आणि थुंकायचा. थुंकायला मात्र शिकवावं लागलं नाही, ते आमच्याकडे सगळ्यांना जन्मजात येतं. शेजारच्या शेताच्या धुऱ्यावरून लोक बघत आणि म्हणत, विकत आणून थुंकून राह्यले, येड लागलं काय यायले?

माझ्या नाकाबद्दल मात्र सरांचं मत फार वाईट होतं. मोकळ्या वेळात ते माझ्यापुढे डबा धरत. मी प्रामाणिकपणे हुंगायचो आणि म्हणायचो, “गोड आहे काहीतरी.”

“सर, तुमचं नाक चष्म्यासाठी हाये,” ते म्हणायचे. “असू द्या. त्याचंबी काम हाये.”

मग एका पावसाळ्याच्या शेवटाला त्यांना ताप आला. आठ-दहा दिवस आले नाहीत. आले ते थोडे वाळलेले, पण हसतमुख. डबे पुन्हा सुरू झाले. एक दिवस मी जिना चढत असताना वरून जळक्या दुधाचा वास आला, इतका की माझ्यासुद्धा नाकाला कळला. धावत मागच्या खोलीत गेलो. चहासाठी ठेवलेलं दूध उतू जाऊन पातेलं काळं पडलं होतं, आणि सर गॅसला पाठ करून हातभर अंतरावर शांतपणे पेपर वाचत बसले होते.

“काय झालं?” त्यांनी मला विचारलं.

मी पातेल्याकडे पाहिलं. मग त्यांनीही वळून पाहिलं. उठून गॅस बंद केला आणि बराच वेळ पातेलं घासत राहिले.

“तापात गेलं,” ते म्हणाले. “डॉक्टर म्हनते, वापस येईन. येईन बी, नाई बी.” मग पातेलं उपडं घालत, “परवा जेवताना वहिनीले म्हनलं, वरनात हिंग टाकला नाई काय? थे म्हने, भाऊजी, दररोजच्याहून जास्त टाकला. आन् मंग रडाले लागली.”

त्यांनी माझा हात धरला. “कोनाले सांगू नका. वाइनच्या मास्तरचं नाक गेलं म्हनल्यावर कोन येईन इथं? अन् मी तरी दुसरं काय करू?” ज्या माणसाने जन्मभर नाकावर पोट भरलं आणि नाकावरच मान मिळवला, त्याचा तो चेहरा मला अजून दिसतो. मी मान हलवली.

त्यानंतर सर डबे ओळीने मांडू लागले. पूर्वी कसेही ठेवायचे आणि स्वतःही पोरांबरोबर ओळखायचे. आता ओळ ठरलेली, मनात पाठ केलेली. वर्ग व्यवस्थित चालला होता. कुणाला काही कळलं नाही.

त्या तुकडीत रिठदची एक मुलगी होती. घरी भाजीचा मळा, बोलायला कमी, पण नाक विलक्षण. संत्र्याची साल हुंगून ती आंबिया बहाराची की मृग बहाराची हे सांगायची. सरांचा तिच्यावर फार जीव. नाशिककडच्या एका वाइनच्या कंपनीत, पाहुण्यांना वाइन चाखवायच्या कामासाठी तिची मुलाखत ठरली होती. मुलाखतीला आठवडा राहिला होता, तेव्हाची गोष्ट.

सकाळी झाडूवाल्या बाईंनी टेबल पुसलं आणि डबे उचलून परत ठेवले. त्यांना बिचाऱ्यांना ओळीचं काय माहीत? माझा तास पुढचा होता म्हणून मी मागच्या बाकावर बसलो होतो. मुलीने डबा घेतला, हुंगला आणि म्हणाली, “पेरू. पुरता पिकलेला नाई. आमच्या विहिरीमागच्या झाडासारखा.”

“नाई,” सर म्हणाले. “बोर हाये.”

तिने पुन्हा हुंगलं. कपाळाला आठी पडली. “सर, पेरूच…”

“बोर. नीट घे वास.”

तिने तिसऱ्यांदा हुंगलं, सरांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “हो सर. बोर हाये. माह्यंच चुकलं.”

पुढचा डबा तिने हातात घेतला. आधी सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मग डबा नाकाशी नेला. त्याच्या पुढचाही तसाच. सरांच्या ते लक्षात आलं. मला आलं, म्हणजे त्यांना आलंच असणार.

त्यांनी उठून पहिल्या डब्याचं फडकं सोडलं. आत पेरूच्या फोडी होत्या. मग एक पोरगा म्हणाला, “सर, डबे इकडचे तिकडे झाले असतीन.”

सुटायला जागा होती. ‘हो, तसंच झालं’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. मी मनातल्या मनात त्यांना म्हणत होतो, म्हणा, सर, म्हणा. सर त्या मुलीकडे पाहत राहिले. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

“माह्यं नाक गेलं,” ते म्हणाले. “तापापासून. मले कायचाच वास येत नाई. तुले आला तोच खरा. पेरूच होता.”

मुलीचे डोळे भरून आले.

“रडू नको. तिथं मुलाखतीले कोनी मोठा मानूस बसलेला राहीन. तो म्हनन बोर, अन् तुले पेरू येईन. तवा त्याच्या तोंडाकडं पाहू नको. माह्याबी पाहू नको. आता हा डबा घे, अन् मले सांग.”

तिने डबा घेतला. डोळे पुसून हुंगला. “गोड हाये, सर.”

“कसं गोड? गुळाचं, का केळ्याचं?”

“गुळाचं. पन जरा करपलेलं. गुऱ्हाळात कढईच्या काठाले लागते तसं.”

“कोनाचं गुऱ्हाळ?” सरांनी विचारलं, आणि डोळे मिटले.

त्या दिवसापासून वर्गाची रीतच बदलली. सर बाकावर बसायचे आणि पोरं त्यांना वास सांगायची. पोरांना शब्द अडला की ते प्रश्न विचारत, विचारत, पार त्या झाडापर्यंत नेत. क्लास सोडून कुणी गेलं नाही. उलट पोरं घरून डबे भरून आणायला लागली, सरांना सांगता यावं म्हणून. मला वाटतं, त्या काळात त्यांनी जितकं चांगलं शिकवलं तितकं पूर्वी कधी शिकवलं नव्हतं. पण ते सुखी होते असं मी म्हणणार नाही. मधल्या सुट्टीत कधी कधी रिकामा डबा नाकाशी धरून बसलेले दिसायचे.

रिठदच्या मुलीला नोकरी लागली. मुलाखतीत पांढरी वाइन हुंगून तिने पेरू सांगितला आणि सवयीने विहिरीमागचं झाडही सांगून टाकलं. ती माणसं खूप हसली आणि त्यांनी तिला घेतलं. दर रविवारी तिचा फोन यायचा. आज कुठली बाटली उघडली, तिच्यात काय काय आलं. सर फोन स्पीकरवर टाकून ऐकायचे आणि मधूनच म्हणायचे, “थांब, थांब. पुन्हा सांग ते.”

पुढच्या वैशाखात ते मला आसेगावला घेऊन गेले. शेप्याच्या झाडाखाली उभं राहून त्यांनी एक पाडाचा आंबा देठापाशी चिरला, स्वतः हुंगला, काही क्षण वाट पाहिली आणि माझ्या नाकाखाली धरला.

“सांगा.”

मी मनापासून हुंगला. त्यांच्यासाठी तरी शेपू यावा असं फार वाटत होतं. “आंबा,” मी म्हणालो. “नुसता आंबा येतो हो, सर.”

ते इतके हसले की झाडाला टेकावं लागलं. “दोघं बी सारखेच झालो बाप्पा आपन,” म्हणाले. “राहू द्या. पुढच्या सालाले येईन. घाई नाई.”

त्याच वर्षीच्या थंडीत सर गेले. सकाळी अंगणात शेकोटीपाशी बसले होते, बसल्या जागीच गेले. रिठदची मुलगी तेरवीला आली होती. पुरुषमंडळींची पंगत बसली, वरण वाढायला तीच उठली, आणि वाढण्याआधी तिने पातेलं नाकाशी नेलेलं मी पाहिलं.

यंदाच्या वैशाखात त्यांच्या भावाने एक टोपली आंबे पाठवले. दुपारी ओसरीवर बसून मी एक आंबा देठापाशी चिरला. खरं सांगतो, मी वास घ्यायचा म्हणून घेतलाच नाही, चीक पुसत होतो. आणि हिरवा, कोवळा, ओलसर असा वास वर आला. आधी मला कळेचना कसला. मग कळला.

“शेपू,” मी मोठ्याने म्हणालो.

आत बायको स्वयंपाक करत होती. “शेपू कुठून आणला तुमी?” तिने विचारलं. “आज तं भेंडी हाये.”

“आपला नाही,” मी म्हणालो. “आसेगावचा आहे. सरांच्या झाडाचा.”