आमच्या हॉलमधल्या मुलाखती

किस्से ठरवून गोळा करता येत नाहीत. खामगावात जिनिंग कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्यांना हे लवकर पटेल. हंगामात रोज झाडलं-पुसलं तरी खिडकीच्या गजांवर, पंख्याच्या पात्यांवर कापसाचे तंतू साचतच राहतात. कुठून आले, कधी आले, कोणाला सांगता येत नाही. एक दिवस स्टुलावर चढून हात फिरवावा, तर मूठभर कापूस निघतो! आमच्या हॉलमध्ये गेल्या वर्षभरात किस्से असेच साचले.

सुरुवात शेजारच्या इरफानमुळे झाली. त्याच्या वडिलांचं मसाल्याचं दुकान आहे आणि त्याला मात्र ऑफिसातली नोकरी हवी आहे. तो अभ्यासिकेत जायचा. तिथे ‘शांतता राखा’ अशी पाटी, आणि मुलाखतीची तयारी म्हटली की बोलावं तर लागणारच! एक दिवस दारात येऊन म्हणाला, “काकू, तुमच्या हॉलमध्ये बोलू का थोडं? तुमच्याकडे तसंही कोणी बोलत नाही.”

बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली. मी म्हटलं, “ये की.” हे गेल्यापासून घरात खरंच कोणी बोलत नव्हतं.

मग धामणगाव बढ्याची प्रणाली आली, कृषी पदवीधर, खोली घेऊन इथे राहणारी. आणि पॅनल म्हणून अवचार सर आले, आमच्या यांच्याच शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक. चहा करता करता मीही केव्हा उमेदवाराच्या खुर्चीवर जाऊन बसले, ते माझं मलाच कळलं नाही.

माझं कारण वेगळं होतं. मुलगी पुण्याला. ती आणि जावई दोघंही मनापासून म्हणत होते, “आई, इकडेच ये आता.” मुलीकडे आठ दिवस छान जातात. पण कायमचं पाहुणं होऊन राहायचं म्हणजे काय, याचा विचार केला की मला काहीच सुचेनासं होई. एम.ए., बी.एड. होऊन इतकी वर्षं मी घरातच होते. शेवटी आमचं असं ठरलं, की जूनपर्यंत मला एखादी नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर घराला कुलूप आणि पुणे.

*

अवचार सरांची पहिली मुलाखत आम्ही विसरू शकत नाही. इस्त्रीचा शर्ट घालून, चष्मा पुसून ते टेबलामागे बसले. समोर इरफान. सरांनी विचारलं, “आपल्या जिल्ह्यातली मुख्य पिकं कोणती?”

इरफान आठवायला लागला. पण वर्गातला मुलगा अडला, की सरांना राहवत नाही. सवय किती वर्षांची! तेच म्हणाले, “सोयाबीन, कापूस, तूर. शाबास! आता सांग, सोयाबीनवर प्रक्रिया करून काय काय तयार होतं?” इरफानने तोंड उघडलं, तोवर सर तेलापर्यंत पोचले होते.

असे सगळे प्रश्न झाले. सरांनी समाधानाने पेन ठेवलं. म्हणाले, “उत्तरं चांगली होती. आत्मविश्वासही दिसला.”

इरफान उठला, टेबलापलीकडे हात पुढे केला आणि म्हणाला, “अभिनंदन सर! तुमचं सिलेक्शन झालं!”

*

दुसरा घोळ पाण्याचा. सरांनी नियम सांगितला, “पॅनलने पाणी विचारलं तर ‘नको, धन्यवाद’ म्हणायचं. उगाच ग्लास धरायचा, हात थरथरायचा, सांडायचं. नकोच ते!”

हा नियम सांगत होते तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. नेहमीसारखा ट्रे घेऊन बाहेर आले. आमच्याकडे कोणीही आलं तरी आधी पाणी, मग नाव-गाव. इरफान ताठ बसून म्हणाला, “नको, धन्यवाद.”

मी ट्रे आणखी पुढे केला. “काऊन रे? आमच्या घरचं पाणी कडू झालं का?”

“तसं नाही काकू, मुलाखत चालू होऊन राह्यली ना!”

“मुलाखत चालू असली म्हणून तहान बंद होते का?”

त्याने घाईघाईने ग्लास संपवला. सरांनी तितक्याच घाईने मार्क कापले! तेव्हापासून तो सगळ्यांना सांगत फिरतो, “पाणी पेलं तर सर मार्क कापतात, नाही पेलं तर काकू पोहे कापतात. उमेदवारानं जावं कुठं?”

*

घाबरण्यावर प्रत्येकाचा उपाय निराळा. सर म्हणत, “पॅनलच्या डोळ्यांत बघायचं नाही, कपाळाकडे बघायचं.” प्रणालीने तसं केलं, तर सर मधेच थांबून कपाळ पुसायला लागले, “काही लागलंय का?”

इरफानचा उपाय मोबाइलवरच्या व्हिडिओतला. मुलाखतीच्या आधी एकांतात जाऊन दोन्ही हात वर करून, छाती काढून उभं राहायचं. म्हणे अंगात हिंमत येते. एकांत कुठे मिळणार? तो आमच्या परसात जाऊन उभा राहिला, डोळे मिटून, हात आभाळाकडे.

भिंतीपलीकडे उषाबाई कपडे वाळत घालत होत्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी आपली वाळत घालायची काठी भिंतीवरून पुढे केली.

“घे रे बाबा. हातानं नाही निघणार पतंग!”

*

“तुमची कमजोरी काय?” हा प्रश्न ज्याने काढला त्याला एकदा बघायचं आहे. आपणच आपली चहाडी करायची, तीही हसतमुखाने!

सरांनी इरफानला विचारलं. तो म्हणाला, “सर, मी प्रत्येक काम फार परफेक्ट करतो. हीच माझी कमजोरी.” प्रणालीला विचारलं, तर अक्षरशः तेच उत्तर. दोघांनी एकच व्हिडिओ पाहिला होता.

माझी पाळी आली. मी वसतिगृहाच्या गृहपाल पदासाठी अर्ज केलेला, मुलींची निवासी शाळा, मेहकर तालुक्यात. म्हटलं, सरांसमोर काय खोटं बोलायचं? सांगून टाकलं, “जिना चढताना गुडघा दुखतो.”

सर गंभीर झाले. “वहिनी, वसतिगृह दुमजली आहे.”

“मग खोटं सांगू का?”

“खोटं नाही. पण खरंही इतकं...” जन्मभर मुलांना खरं बोला सांगितलेला माणूस, तो गोंधळून भिंतीकडे पाहायला लागला.

इरफान म्हणाला, “काकू, कमजोरी पलटवायची असते. असं म्हणा, गुडघा दुखते म्हणून मी पायरी-पायरीवर थांबते, म्हणून एकही पोरगी माह्या नजरेतून सुटत नाही!”

दोन दिवस मी ते वाक्य भाकऱ्या थापताना म्हणून पाहिलं. दर वेळी मला मधेच हसू येई, आणि भाकरी फाटे.

*

इरफान स्वतः बुलडाण्याला एका पतसंस्थेत मुलाखत देऊन आला, ते चेहरा पाडून. आम्ही त्याला महिनाभर पुस्तकी मराठी घोटवली होती. ‘मले’ नाही ‘मला’, ‘काऊन’ नाही ‘का’. तो एकदम तयार होऊन गेला. आत बसलेले साहेब त्याच्याकडे बघून म्हणाले, “काऊन बे, इतका घाबरून काऊन राह्यला?”

इरफान म्हणाला, “महोदय, मी घाबरलेलो नाही.”

“अबे, मंग घाम काऊन येऊन राह्यला?”

“महोदय, आज उकाडा अधिक आहे.”

असंच शेवटपर्यंत! ते वऱ्हाडीत, हा पुस्तकातल्यासारखा. बाहेर आल्यावर त्याला कळेना, मुलाखत चांगली झाली की वाईट. आम्हाला विचारू लागला.

सर म्हणाले, “त्यांनी जवळीक दाखवली.” प्रणाली म्हणाली, “छे, बे म्हणते म्हणजे काय? घरचा गडी आहे का तो?” मी म्हटलं, “त्यांना भूक लागली असेल.”

इरफान आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत राहिला. म्हणाला, “तुमच्यापेक्षा ते साहेब समजायला सोपे होते.” त्याचा निकाल अजून यायचा आहे.

*

प्रणालीच्या किश्शात मात्र दोष माझ्या उंबरठ्याचा. आमच्याकडे हॉलमध्ये चपला घालून कोणी येत नाही. साहजिकच सगळ्या सराव मुलाखती अनवाणी! दारात चपला काढायच्या, केस सारखे करायचे, “आत येऊ का सर?” म्हणायचं. हे सगळं एकात एक इतकं बसलं, की वेगळं करता येईना.

अकोल्याला एका बियाणे कंपनीत तिची मुलाखत होती. तिचा नंबर पहिला. नाव पुकारल्यावर तिने दारात सँडल काढले, केस सारखे केले, “आत येऊ का सर?” म्हणाली आणि आत जाऊन बसली. फरशी गार लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं. मग उरलेली मुलाखत तिने पाय खुर्चीखाली ओढून दिली.

बाहेर आली तर दाराशी तिच्या सँडलशेजारी एक बुटांचा जोड. पुढचा उमेदवार बूट काढून तयारच उभा होता, सँडल पाहून त्याला वाटलं, इथली पद्धतच असेल! त्याचं पाहून तिसऱ्याने नंबर यायच्या आधीच काढले, मग बाकीच्यांनीही. एकाच्या मोज्याला भोक होतं, तो बिचारा कोपऱ्यात जाऊन मोजेही काढून आला.

प्रणालीला निघवेना. लाजही वाटत होती आणि पुढे काय होतं ते बघायचंही होतं. ती जिन्याजवळ थांबून राहिली. जेवणाची सुट्टी झाली. पॅनलमधले मोठे साहेब हात पुसत परत आले. दाराशी बुटांची रांग. ते थबकले. मागे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, कोणाला विचारावं की नाही असा चेहरा केला. मग भिंतीला हात टेकून मुकाट्याने बूट काढले आणि आत गेले!

प्रणालीला ती नोकरी लागली. चपला काढल्यामुळे की काढूनसुद्धा, यावर आमच्या हॉलमध्ये अजून एकमत नाही.

*

राहता राहिली माझी मुलाखत. मे महिना संपत आलेला. जून उंबरठ्यावर. सकाळी मुलीचा फोन झाला. “आई, नाही झालं तरी वाईट वाटून घेऊ नको. खोली तयारच आहे.” ती प्रेमाने म्हणाली, पण मला ते प्रेम कुठे ठेवावं कळेना.

एसटी चिखलीवरून गेली. हिवरा आश्रम आलं तशी मी पिशवीतली प्रमाणपत्रं पुन्हा मोजली, आता उतरायचं जवळ आलं. शाळेत पोचले. लांब व्हरांडा, त्यात बाकं, बाकांवर आम्ही बायका. मला आतल्या दाराजवळची जागा मिळाली. पाठ केलेलं एकेक उत्तर आठवू लागले, तर एकही जागेवर नाही. गुडघासुद्धा आठवेना!

शाळेची पाण्याची मोटर बिघडली म्हणून शिपाई मिस्त्री आणायला गावात गेलेला. आतून घंटी वाजली. पुन्हा वाजली. कोणीच जाईना. मी दार किलकिलं करून डोकावले. आतल्या मॅडम खाली मान घालून लिहीत होत्या. त्यांनी न बघताच एक कागद पुढे केला. “यातल्या पहिल्या बाईंना पाठवा.”

‘मी उमेदवार आहे’ एवढंच म्हणायचं होतं. तेच निघालं नाही. कागद घेतला, बाहेर आले आणि नाव पुकारलं.

त्यानंतर एकामागून एक नावं पुकारत गेले. हाताला काम लागलं तसं मन थाऱ्यावर आलं. एक मुलगी रडवेली झाली होती, तिला म्हटलं, “मॅडम लिहिण्यात आहेत, वर बघतही नाहीत. तू घरच्यासारखी बोल.” एकीच्या पदराला पिन लावली. एकीसोबत तान्हं बाळ होतं, सांभाळायला कोणी नाही. ती माझ्याकडे नुसतं बघायला लागली. मी हात पुढे केले. बाळ माझ्या खांद्यावर झोपलं. यादीत माझं नाव नेमकं तिच्या आधी होतं. खांद्यावर झोपलेलं मूल घेऊन मुलाखत कशी देणार? मी पुढच्या, तिच्याच नावावर गेले. आई बाहेर आल्यावर बाळ दिलं, पण यादीत मागे जाऊन माझं नाव घ्यायचं धाडस काही झालं नाही.

बाकं रिकामी झाली. मी कागद परत द्यायला आत गेले.

“झाल्या सगळ्या?” मॅडमनी विचारलं.

“एक राहिल्या आहेत.”

“आहेत की गेल्या?”

मी हातातल्या यादीत माझं नाव पुन्हा पाहिलं. मग म्हटलं, “आहेत.”

“मग पाठवा लवकर. आम्हालाही निघायचंय.”

मी बाहेर आले. दार लोटलं. व्हरांड्यात कोणी नव्हतं, फक्त ऊन. सगळ्यांना पुकारलं तसंच पुकारायला हवं, नाहीतर ते बरोबर दिसलं नसतं. मी गळा साफ केला आणि म्हटलं, “सुलभा मधुकर वानखडे!”

यांचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं होतं. त्यानंतर इतक्या मोठ्याने कधी घेतलं नव्हतं. व्हरांड्याच्या टोकापर्यंत ते गेलं आणि परत आलं.

“हो, आले,” मी म्हटलं.

दार वाजवलं आणि आत गेले. मॅडमनी पहिल्यांदाच मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे दाराकडे पाहिलं. म्हणाल्या, “अहो, त्या बाई कुठे आहेत?”

मीही एकदा मागे वळून पाहिलं.

“आल्या आहेत, मॅडम,” म्हटलं, आणि खुर्ची ओढून बसले.