डावीकडची चार बोटं जागा

डोरीन हॅकेट लंडनला आमच्या संगीत साप्ताहिकाची मुखपृष्ठं जुळवायची. एकवीस वर्षं. नियमही तेवढेच जुने. गायक मधोमध, नजर वाचकाकडे, डोकं साप्ताहिकाच्या नावावर चढलेलं. हिरवा रंग नको, खपत नाही. ड्रमर मागे, शक्यतो अर्धा कापलेला. दुकानात अंक एकावर एक सरकवून मांडतात, तेव्हा दिसते ती फक्त डावीकडची चार बोटं जागा.

"ड्रमर पुढे आला की अंक मागे पडतो," असं आमचा संपादक गॅरेथ पिम म्हणायचा. आम्ही हसायचो, कारण तो संपादक होता.

विगनच्या मिसेस ट्रँटर दर नाताळात डोरीनला पत्र लिहायच्या. "माझा कॉलिन वीस वर्षं ड्रम बडवतोय. मुखपृष्ठावर त्याचं तोंड एकदा तरी दिसू दे गं पोरी." काय उत्तर देणार? डोरीन पत्रं खणात टाकायची. यंदा कॉलिनचा बँड फुटला आणि त्यांच्यावरचं शेवटचं मुखपृष्ठ ठरलं. म्हातारीलाही डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली होती.

"कंटाळा आलाय रे सगळ्याचा," डोरीन मला म्हणाली. "पण एवढं करते."

गायक मधोमध, नियमाप्रमाणे मोठा. कॉलिनचा चेहरा बरोबर डाव्या पट्टीत. टेबलावर अंक सपाट पाहून गॅरेथला काही खटकलं नाही. दुकानात मात्र कॉलिन एकटाच दिसणार होता.

बुधवारी आम्ही मुद्दाम स्टेशनवरच्या दुकानात गेलो. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! कॉलिनच्या तोंडावर फुकटची सीडी डकवलेली.

"अगं, सोमवारच्या बैठकीत ठरलं की!" मी म्हणालो. "तू मान डोलावलीस."

"डोलावली असेन. एकवीस वर्षं तेच तर करतेय."

मला तिची फार दया आली.

दहा दिवसांनी विगनहून पत्र आलं. अक्षर थरथरलेलं. "पोरी, सीडी ओढताना डिंकाबरोबर त्याची हनुवटी निघून आली. डोळे राहिलेत. पलंगासमोर लावलाय. माझ्याकडेच बघतो."

डोरीनने पत्र दोनदा वाचलं. गॅरेथ पुढच्या मुखपृष्ठासाठी हाका मारत होता. तिने खणातून कोरा कागद काढला आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा म्हातारीला उत्तर लिहायला घेतलं.