नाना वस्तादांची वाटी

नाना वस्ताद गेल्याची बातमी मला ठाण्याच्या कचेरीत कळली. सांगणाऱ्याने लगेच पुस्तीही जोडली, "व्यायामानेच मेला म्हणे!" मी लेखणी अशी आपटली की शाई शेजाऱ्याच्या धोतरावर उडाली. आज सव्वा महिना झाला, तरी कल्याणात जो तो हेच बोलतो आहे. म्हणून लिहायला बसलो, आणि रागानेच लिहितो आहे.

काळ्या तलावाजवळ नानांची तालीम होती. सहा वर्षांपूर्वी मी तिथे गेलो तो भिंत धरधरून. दिवसभर वाकून लिहिता लिहिता कंबर पार धरली होती. वैद्यबुवांची तेले, लेप, घरच्यांचे नवस, सगळे करून झाले होते. नानांनी मला जोर काढायला लावले नाहीत. घोंगडीवर उताणे निजवले, पोटावर पाण्याने भरलेली पितळी वाटी ठेवली आणि म्हणाले, "आता श्वास सोडत पाय उचला, भाऊसाहेब. दमानं. सांडली की पुन्हा पहिल्यापासनं." कोणी घरून भांडून आला, तर त्याचे तोंड बघूनच सांगत, "आज राहू द्या. रागात वाटी ठरत नाही." तीन-चार महिन्यांत मी ताठ बसू लागलो, अन्न पचू लागले, पाठ टेकताच झोप येऊ लागली. गाव मात्र "निजायची तालीम" म्हणून खिदळत असे. स्टेशनातले हमाल पाठ न मोडता ओझे उचलायला तिथेच शिकले. नानांचे पठ्ठे कुस्तीत समोरचा धापा टाकू लागला तरी शांत असत, आणि जिंकले की लोक श्रेय देत दुधाला नि बदामाला!

त्या दिवशी आम्ही ठाकुर्लीकडच्या एका जत्रेत होतो. तिथे ताकद दाखवायला एक मोठा गोटा उचलतात. नानांनी पठ्ठ्यांना त्याला हात लावायची बंदी केली होती. दाखवण्यासाठी उचलायचे नाही, हा त्यांचा नेम. एक कापडवाला मोठ्याने म्हणाला, "निजून निजून कसली ताकद येते हो?" आणि मी, शहाणा कारकून, ओरडलो, "आमचे नाना आत्ता उचलून दाखवतील!"

नाना आठ दिवसांच्या हिवतापातून नुकते उठले होते. मीच त्यांना काढा नेऊन देत होतो... त्यांनी मला बाजूला घेतले. "भाऊसाहेब, आज अंगात कस नाही. घरी जाऊ."

"आता मागे फिरलात तर लोक हसतील, नाना. माझी मान खाली जाईल."

नानांनी उपरणे कमरेला आवळले, गोटा छातीपर्यंत नेला आणि आवाज न करता खाली ठेवला. सर्वांत जास्त टाळ्या मी वाजवल्या. मग ते चिंचेखाली बसले आणि पाणी मागितले. तिसऱ्या दिवशी गेले.

व्यायामाने मेला म्हणणाऱ्यांनो, जिभा आवरा. त्यांना माझ्या फुशारकीने मारले. आणि नाना, राग तुमच्यावरही आहे. आम्हाला जन्मभर अंग ओळखायला शिकवलेत, मग एका कारकुनाला नाही म्हणायला काय झाले होते?

नानांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, ती वाटी मला दिली, "तुमच्यावर फार जीव होता त्यांचा," म्हणून. मला खरे सांगवले नाही. रोज सकाळी घोंगडी अंथरतो, वाटी भरून पोटावर ठेवतो, श्वास सोडतो. पाय उचलायच्या आधीच ती सांडते.